नकाशावरची लाल रेघ

शाळेच्या वाचनालयातली कपाटे आवरताना एक जुना इंग्रजी नकाशासंग्रह हाती लागला. मुखपृष्ठ गायब, पाठीला चिकटपट्टी. शेवटच्या काही पानांवर ‘बायबलच्या भूमी’चे नकाशे होते. त्यातल्या एका पानावर दक्षिण इराकमधून एक लाल रेघ निघते, फुरात नदीच्या काठाने वर चढत तुर्कस्तानात पोहोचते, तिथून वळून सीरियातून खाली उतरते आणि पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉनला थांबते. खाली लिहिले होते, ‘अब्राहमचा प्रवास’. अब्राहम म्हणजे आपले हजरत इब्राहिम (अ.स.).

ते पान मी आठवीच्या वर्गात घेऊन गेलो. मुले भोवती जमली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ये लाल लकीर किसने खींची? इब्राहिम अलैहिस्सलाम के साथ कोई नक्शा बनानेवाला था क्या?” वर्ग हसला. मीही हसलो. “विद्वानांनी अभ्यास करून काढली आहे,” असे सांगून पुढच्या धड्याकडे वळलो.

घरी येताना ते उत्तर मलाच टोचत राहिले. विद्वानांनी काढली हे ठीक, पण कशावरून? हजारो वर्षांपूर्वीचा रस्ता आज कागदावर कसा उमटतो? त्या मुलाला द्यायला हवे होते ते उत्तर शोधताना जे वाचले, ते इथे मांडतो आहे.

ग्रंथ काय सांगतात

कुरआनच्या सूरह अंबियामध्ये हजरत इब्राहिम आणि हजरत लूत (अ.स.) यांना वाचवून बरकतीच्या भूमीकडे नेल्याचा उल्लेख आहे. तिथे गावांची नावे नाहीत, अंतरे नाहीत. कुरआनचा हेतू हिदायतीचा आहे, भूगोलाचा नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात मात्र थांब्यांची नावे येतात. ऊर, हारान, शखेम, बेथेल, मग मिसर, परत बेथेल आणि शेवटी हेब्रॉन. पण तिथेही नावे आहेत ती फक्त मुक्कामांची. दोन मुक्कामांमधला रस्ता कुठून जात होता, हे ग्रंथ सांगत नाही. म्हणजे नकाशावर ठिपके ग्रंथातले आणि त्यांना जोडणारी रेघ कोणा माणसाच्या अंदाजाची.

हा अंदाज हवेतला नाही. ऊरहून पॅलेस्टाइनला सरळ पश्चिमेकडे निघाले तर मध्ये सीरियाचे वाळवंट आडवे येते. मेंढ्या, गाढवे, बायकामुले घेऊन निघालेला कबिला तिथून जाणे शक्य नाही. म्हणून तो नदी धरून वर जाणार, हारानला वळणार आणि हिरव्या पट्ट्यातून खाली उतरणार. जुने रस्ते शोधण्याचा हा पहिला नियम. रस्ता पाण्याकडून पाण्याकडे जातो.

पण जिथून रेघ निघते तो पहिला ठिपका तरी पक्का आहे का? बहुतेक अभ्यासक ऊर म्हणजे दक्षिण इराकमधले तल अल-मुकय्यर मानतात. तिथे लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात मोठे उत्खनन केले. दुसरीकडे, मुस्लिम परंपरेत तुर्कस्तानातल्या उर्फा शहराला हजरत इब्राहिम यांचे जन्मस्थान मानतात. नमरूदच्या आगीची कथा सांगणारे माशांचे तळे तिथेच आहे. उर्फा हारानपासून जेमतेम दीड-दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तल अल-मुकय्यर मात्र हारानपासून नदीच्या वाटेने हजार किलोमीटरहून लांब आहे. ऊर म्हणजे उर्फा असे धरले, तर त्या लाल रेघेचा पहिला मोठा तुकडा पुसावाच लागेल. नकाशासंग्रह हे सांगत नाही. छापलेली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते, खात्रीच्या जागीही आणि शंकेच्या जागीही.

एक थांबा पकडू: बेथेल

सगळी रेघ तपासणे माझ्या आवाक्यातले नाही. म्हणून मी एकच ठिपका धरला. बेथेल, म्हणजे ‘अल्लाहचे घर’. बायबलच्या म्हणण्याप्रमाणे हजरत इब्राहिम यांनी या गावाजवळ तंबू टाकला होता. पुढे हजरत याकूब (अ.स.) यांना स्वप्न पडले तेही इथेच. हे गाव कुठे आहे?

इ.स. ३३३ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून एक ख्रिस्ती यात्रेकरू बैतुल मुकद्दसला आला. त्याचे नाव कोणाला माहीत नाही. पण त्याने वाटेची यादी लिहून ठेवली. घोडे कुठे बदलले, रात्रीचा मुक्काम कुठे केला, एका थांब्यापासून दुसरा किती मैल, हे सगळे त्यात आहे. आजच्या एसटीच्या वेळापत्रकाइतकी कोरडी यादी आहे ती. पण संशोधकाला कोरडी यादीच जास्त उपयोगी पडते, कारण भक्तीच्या भरात माणूस अंतर वाढवतो, घोड्याचा हिशेब लिहिताना वाढवत नाही. हा यात्रेकरू नाबलुसकडून दक्षिणेला येताना लिहितो की बेथेल रस्त्याच्या डाव्या हाताला आहे आणि तिथून जेरुसलेम १२ मैल.

साधारण त्याच काळात कैसरियाचा बिशप युसेबियस याने बायबलमधल्या ठिकाणांचा एक कोश तयार केला. गावाचे नाव आणि ते कोणत्या मैलाच्या दगडाजवळ आहे, अशी त्याची पद्धत. तोही बेथेल जेरुसलेमपासून १२ मैलांवर, रस्त्याच्या त्याच बाजूला ठेवतो. रोमन मैल म्हणजे सैनिकाची हजार दुहेरी पावले, सुमारे १४८० मीटर. १२ मैलांचे झाले पावणेअठरा किलोमीटर.

आता मधली पंधरा शतके ओलांडून १८३८ मध्ये येऊ. एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकन बायबल अभ्यासक आणि बैरूतमध्ये राहून अरबी शिकलेले मिशनरी एली स्मिथ उंटावर-घोड्यावर बसून या भागात फिरले. मठांतले साधू यात्रेकरूंना जी ठिकाणे दाखवत, त्यांवर दोघांचा फारसा भरवसा नव्हता. ते खेड्यातल्या शेतकऱ्यांना, मेंढपाळांना विचारत. तेही ‘हे बेथेल का?’ असे नाही, कारण पाहुण्याला खूश करायला माणूस ‘हो’ म्हणतो. ‘त्या टेकडीवरच्या गावाचे नाव काय?’ असे विचारत.

जेरुसलेमच्या उत्तरेला, अंतराचा हिशेब जुळतो अशा जागी, रस्त्याच्या पूर्वेला एक गाव होते. लोक त्याला बैतीन म्हणत. बेथेलचे बैतीन कसे झाले? शेवटच्या ‘ल’चा ‘न’ झाला. तिथल्या गावरान अरबीत इस्माइलचे इस्माइन होते. बायबलमधले यिज्रएल नावाचे शहर लोकांच्या तोंडी झरीन झाले होते. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे नंबरचा लंबर होतो, आणि उर्दूतला नींबू मराठीत लिंबू म्हणून येतो. ‘ल’ आणि ‘न’ शेजारी आहेत, एकमेकांच्या घरी जात-येत असतात.

म्हणजे एका ठिपक्यासाठी तीन साक्षी झाल्या. यात्रेकरूची यादी, बिशपचा कोश आणि गावकऱ्यांची जीभ. काही अभ्यासकांनी बेथेलसाठी शेजारच्या अल-बिरेह गावाचा दावा मांडला आहे. तरी बहुतेकांचे मत बैतीनच्या बाजूने आहे. पहिल्या दोन साक्षी पुस्तकांत होत्या. तिसरी साक्ष ज्यांनी दिली, त्या शेतकऱ्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत.

ही पद्धत खरी की योगायोग, याची परीक्षाही झाली. रॉबिन्सन यांनी अल-जीब नावाचे गाव म्हणजे बायबलमधले गिबोन, असे म्हटले होते. १९५६ पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे खोदकाम केले. घागरींच्या फुटक्या कानांवर जुन्या हिब्रू लिपीत कोरलेले नाव सापडले, गिबोन. गावकऱ्यांनी नावाचा अर्धा भाग अडीच हजार वर्षे सांभाळला होता.

रस्त्याला धर्म नसतो

याच शोधात आणखी एक नकाशा भेटला, आणि तो जमिनीवर आहे. जॉर्डनमधल्या मादबा गावात सेंट जॉर्ज चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकात रंगीत दगडी तुकड्यांनी नकाशा जडवला गेला. १९व्या शतकाच्या शेवटी जुन्या चर्चच्या जागी नवे बांधताना तो जगासमोर आला. त्याचा बराच भाग नष्ट झाला आहे, पण मध्यभागी जेरुसलेम शाबूत आहे. यात उत्तर नाही, पूर्व दिशा वर आहे. शहराच्या उत्तर दरवाज्याच्या आत एक मोकळा चौक आणि त्यात एक उंच स्तंभ दाखवला आहे. तो स्तंभ आज जागेवर नाही. पण त्या दरवाज्याला, ज्याला जग दमास्कस गेट म्हणते, अरबीत आजही बाब अल-अमूद म्हणतात. अमूद म्हणजे खांब. खांब गेला, नकाशा मातीखाली गेला, तरी भाजी विकणाऱ्या बायका आणि हमाल त्या दरवाज्याला खांबाचा दरवाजाच म्हणत राहिले.

मादबा ज्या रस्त्यावर आहे त्याची कथाही अशीच थरांची आहे. बायबलमध्ये ‘राजमार्ग’ येतो. हजरत मूसा (अ.स.) यांनी अदोमच्या राजाकडे त्या वाटेने जाऊ देण्याची विनंती केली आणि ती नाकारली गेली. पुढे रोमन सम्राट ट्राजनने इ.स. १११ ते ११४ या काळात बुसरापासून अकाबापर्यंत फरसबंद रस्ता बांधला. तो बराचसा त्याच जुन्या वाटेच्या आधाराने गेला. बुसरा हे नाव सीरत वाचणाऱ्याला ओळखीचे वाटेल. आपले प्रेषित (स.) लहानपणी चाचा अबू तालिब यांच्यासोबत व्यापाराच्या काफिल्यातून जिथवर गेल्याची रिवायत आहे, तेच हे बुसरा. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या ज्या सफरींचा उल्लेख आहे, त्यातली उन्हाळ्याची सफर भाष्यकारांच्या मते शामकडची. मूसांचे लोक, रोमन शिपाई, कुरैशचे उंट यांची धर्म-भाषा वेगळी होती, पण तहान सारखीच होती. म्हणून विहिरीही त्याच आणि बाजारही तेच.

आपण विसरलेला वाटा

‘बायबलच्या भूमीचा भूगोल’ म्हटले की आपल्याला वाटते, हा पाद्र्यांचा आणि पाश्चात्त्यांचा विषय. इथे मला आपल्याच लोकांची तक्रार करायची आहे. कुब्बतुस्सखरा बांधणारा उमय्यद खलिफा अब्दुल मलिक (इ.स. ६८५ ते ७०५) याने दमास्कस आणि बैतुल मुकद्दसच्या रस्त्यांची दुरुस्ती करून मैलाचे दगड रोवले. त्यातले काही सापडले आहेत. एकावर इलियापासून ८ मैल, दुसऱ्यांवर दमास्कसपासून १०७ आणि १०९ मैल असे कोरलेले आहे. इलिया हे शहराचे रोमन नाव, ‘मील’ हा शब्द मुळात लॅटिन. खलिफाच्या कारागिरांनी दोन्ही बिनदिक्कत वापरले. वाटसरूला समजेल ते नाव लिहायचे, एवढाच विचार.

आणि मग अल-मुकद्दसी. नावातच बैतुल मुकद्दस असलेला हा माणूस त्याच शहरात जन्मला. त्याचे आजोबा इमारती बांधणारे, अक्का बंदराचे काम त्यांनी केलेले. त्याने इस्लामी जग पायाखाली घातले आणि इ.स. ९८५ च्या सुमारास आपला भूगोल लिहिला. नकाशांसाठी त्याने रंग ठरवले होते. रस्ते लाल, वाळू पिवळी, खारे समुद्र हिरवे, नद्या निळ्या, डोंगर मातकट. आमच्या नकाशासंग्रहातली रेघही लाल होती. मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले.

मुकद्दसी अंतर मैलांत नाही, तर ‘मरहला’त देतो. मरहला म्हणजे एका दिवसाची चाल. बैतुल मुकद्दस ते अल-खलील, म्हणजे हेब्रॉन, एक मरहला. आणि तिथे पोहोचल्यावर काय, तेही लिहितो. हजरत इब्राहिम यांच्या नावाने तिथे लंगर चाले. गरीब असो की श्रीमंत, येणाऱ्याला जैतुनाच्या तेलातली मसूर मिळे. १०४७ मध्ये आलेला फारसी प्रवासी नासिर खुसरो याच ताटाचे वर्णन करतो, रोटी, मसूर आणि मनुका. आमच्या लाल रेघेच्या शेवटच्या ठिपक्यावर हजारभर वर्षांपूर्वी कोणालाही जेवण मिळत होते. नकाशासंग्रहात हे लिहायला जागा नव्हती, की कोणाला माहीतच नव्हते?

नकाशा कोणासाठी?

नकाशा भक्तासाठी असतो, व्यापाऱ्यासाठी असतो, तसा लष्करासाठीही असतो. १८७१ ते १८७७ या वर्षांत लंडनच्या पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंडने पश्चिम पॅलेस्टाइनची मोजणी केली. एका मैलाला एक इंच या प्रमाणात २६ पानांचा नकाशा १८८० मध्ये निघाला. त्यात हजारो अरबी नावे, पडके वाडे, विहिरी, रोमन रस्त्यांचे अवशेष आले. मोजणी करणारे कॉन्डर आणि किचनर हे लष्करी इंजिनिअर होते. किचनर पुढे १९०२ मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती झाले, लॉर्ड कर्झनशी त्यांचे भांडण इतिहासात गाजले. प्राचीन रस्त्यांच्या संशोधनासाठी आजही हाच नकाशा उघडला जातो, हे खरे. आणि पुढे ब्रिटिश फौजा याच भूमीत उतरल्या, हेही खरे.

त्या फौजांत आपले लोकही होते. २० सप्टेंबर १९१८ च्या पहाटे हिंदी घोडदळ मुसमुस खिंडीतून मगिद्दोच्या मैदानात उतरले आणि सेकंड लान्सर्सने समोर आलेल्या उस्मानी तुकडीवर हल्ला चढवला. याच अरुंद खिंडीतून सुमारे ३४०० वर्षांपूर्वी मिसरचा फिरऔन तिसरा थुतमोस सैन्य घेऊन आला होता. त्याने तीन वाटांपैकी ही सर्वांत धोक्याची वाट कशी निवडली, हे कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेले आहे. खिंडीच्या तोंडाशी लज्जून नावाचे गाव होते. तिथे रोमन सैन्याची छावणी, म्हणजे लेजिओ, होती आणि त्या शब्दाचे अरबी जिभेवर लज्जून झाले.

‘होते’ असे मी जाणूनबुजून लिहिले. लज्जून आणि झरीन ही दोन्ही अरब गावे १९४८ च्या युद्धात रिकामी झाली, पुन्हा वसली नाहीत. १९४९ मध्ये इस्रायल सरकारने नकबच्या वाळवंटातल्या अरबी नावांच्या जागी हिब्रू नावे ठरवण्यासाठी समिती नेमली. यात एक विचित्र उलटापालट आहे. कित्येक प्राचीन हिब्रू नावे कुठली, हे कळले ते अरब शेतकऱ्यांनी ती नावे तोंडात जपल्यामुळे. साक्ष घेतली आणि साक्षीदाराचे नाव खोडले.

ज्यू लोकांचे या भूमीशी नाते खोटे आहे, असे मी म्हणत नाही. बोर्दोच्या त्या यात्रेकरूने इ.स. ३३३ मध्ये वर्षातून एकदा एका दगडापाशी येऊन रडणाऱ्या ज्यूंची नोंद केली आहे. ती नोंदही याच नकाशाचा भाग आहे, आपल्याला आवडो न आवडो. पण नकाशावर एकाच थराची नावे ठेवायची आणि बाकीचे थर पुसायचे, हे रस्त्याशी बेइमानी करणे आहे. बैतीन आजही तिथे आहे. शेजारी १९७७ पासून बेत एल नावाची इस्रायली वसाहत आहे. बोर्दोच्या यात्रेकरूसाठी बेथेल ते जेरुसलेम १२ मैल होते. बैतीनच्या आजच्या माणसासाठी ते किती, हे हातातल्या परवान्यावर आणि तपासणी नाक्यावर ठरते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ते पान वर्गात नेले. त्या मुलाला पुढे बोलावले आणि सांगितले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी टाळले होते.” मग फळ्यावर रेघ काढली. हारान ते बेथेल ते अल-खलील हे ठिपके पक्क्या खडूने, त्यांच्यामधला रस्ता तुटक रेघेने आणि ऊरपाशी प्रश्नचिन्ह. बेथेलच्या खाली बैतीन लिहिले, हेब्रॉनच्या खाली अल-खलील. मुलाने विचारले, “सर, दोनों नाम लिखने का क्या?” मी म्हटले, “हो. जेवढी नावे सापडतील तेवढी सगळी.”

त्याने वहीत लिहून घेतले. रेघ त्याने लाल पेनानेच काढली, पण तुटक.